क्लॅरनेटवाल्याचा पुढचा दात

२ मार्च, सोम.

सकाळी दात घासताना हिरडीवर फोड दिसला. वरच्या पुढच्या दाताच्या मुळाशी, मुगाएवढा. दाबला तर तोंडात खारट काहीतरी आलं. हा तोच काळपट दात, आमच्या लग्नाच्या फोटोतही काळपटच आहे. दुखत मात्र नाही. सौ. म्हणाली डॉक्टरला दाखवा. मी म्हटलं, दुखत नाही तर दाखवायचं काय? तिने नेहमीप्रमाणे ठाण्याला फोन लावला. सुजाता तिथून दम देते आणि मी ऐकतो, अशी आमच्या घरची पद्धत आहे. लेकीने परस्पर वेळसुद्धा घेतली. बुधवारी, दादर, कोणी डॉ. नेहा.

काल क्लॅरनेट पेटीतून काढलं होतं. त्याचे सांधे कोरडे, माझे ओठ मऊ. चौदा एप्रिलच्या जयंतीला दीड महिना राहिला. रोज थोडं थोडं वाजवलं तर येईल.

४ मार्च, बुध.

डॉ. नेहा आमच्या सुजातापेक्षाही लहान दिसते. मास्क काढला तेव्हा तर कॉलेजातली वाटली. एक्सरे काढून पडद्यावर दाखवला. दाताच्या मुळाच्या टोकाला काळा ठिपका.

"काका, हा दात कधीच मेलाय."

म्हटलं, म्हणून तर दुखत नाही. हसली. म्हणाली, दुखत नाही हीच तर भानगड आहे. दाताच्या आत नस असते, ती मेली की दुखणं थांबतं, माणूस खूश होतो. आत मात्र सडत राहतं आणि मग मुळाखाली पू साठतो. आता दोन रस्ते. एक, दात काढून टाकायचा. दुसरा, रूट कॅनाल, म्हणजे दाताला मागून भोक पाडून आतली मेलेली नस साफ करायची, पोकळी भरून बंद करायची, वर टोपी बसवायची. मूळ भक्कम आहे, वाचवूया, असं तिचं मत पडलं.

कधी मार लागला होता का, विचारलं. म्हटलं, पडलो होतो तरुणपणी. पडलो बिडलो नव्हतो. लालबागच्या एका वरातीत गर्दीचा लोंढा मागून आला आणि वाजवता वाजवता माउथपीस दातावर आदळला. ते सांगितलं असतं तर क्लॅरनेटचं सांगावं लागलं असतं. या लोकांची एक सवय आहे. आधी बंद करायला सांगतात, मग तपासतात. सौ.च्या गुडघ्याच्या डॉक्टरने तिची मांडी बंद केली, जिना बंद केला, गुडघा आहे तिथेच आहे.

गोळ्या दिल्यात. सोमवारी सुरुवात.

५ मार्च, गुरु.

दुपारी पडल्या पडल्या आईची कवळी आठवली. स्टीलच्या वाटीत, पाण्यात, खिडकीच्या कट्ट्यावर. नायगावच्या आमच्या चाळीत दात वाचवणं हा प्रकार कोणी ऐकलेला नव्हता. दात दुखला की भायखळ्याला चिनी डॉक्टर होता, त्याच्याकडे जायचं. छोटी काचेची शोकेस, आत गुलाबी हिरड्यांच्या कवळ्या मांडलेल्या. लहानपणी मला ते मिठाईचं दुकान वाटायचं. आई एकेक दात तिथे देऊन आली. "दुखणारी वस्तू घरात ठेवू नये," म्हणायची. पंचेचाळिशीत बिनदाताची झाली आणि मग हसताना पदर तोंडावर धरायला लागली.

बापू मात्र उलटे. दिवसा गिरणीच्या विणखात्यात, संध्याकाळी बँडमध्ये क्लॅरनेट. "पुढचे दात माझे नाहीत, बँडचे आहेत," म्हणायचे. आयुष्यात ऊस दातांनी सोलला नाही, पेरूला तोंड लावलं नाही. आई सुरीने फोडी करून द्यायची आणि बडबडायची, राजा आलाय घरात. बापू शांतपणे एकेक फोड मागच्या दाढेकडे सरकवायचे. आम्ही भावंडं तशाच फोडी मागायचो. मिळायच्या नाहीत.

आई आज असती तर म्हणाली असती, काढून टाक की मेल्या.

९ मार्च, सोम.

पहिली बैठक. इंजेक्शनचं दुखलं, बाकी काही नाही. दातावर निळं रबर ताणून बसवलं, म्हणजे औषध घशात जात नाही. मग केसासारख्या बारीक कानसी आत घालून घासत होती. मध्येच यंत्र पीप पीप करायचं. मुळाच्या टोकापर्यंत पोचलं की वाजतं, म्हणाली. एकदा घाण वास आला, मलाच शरम वाटली. एवढी वर्षं हे घेऊन मी लोकांच्या लग्नात वाजवत होतो.

आत औषध घालून तात्पुरतं सिमेंट लावलंय. पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. पाव, काकडी, सगळं बंद.

घरी येऊन चहा घेतला तर अर्धा शर्टावर सांडला. वरचा ओठ माझा नव्हताच. आरशासमोर उभा राहून ओठ आवळून पाहिले. आवळले जात नव्हते. इंजेक्शन आहे, उतरेल, हे माहीत होतं. तरी ओठ जागे होईपर्यंत आरशापाशीच होतो. सौ. म्हणाली, लग्नाच्या दिवशी एवढं बघितलं नव्हतं तोंड.

१५ मार्च, रवि.

मंडळाची मीटिंग. जुन्या चाळीत ती पिंपळाखाली व्हायची, आता पार्किंगच्या वरच्या पोडियमवर, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांत. माणसं बघून बरं वाटलं. चाळ पाडल्यापासून कोणी कल्याणला भाड्याने, कोणी अँटॉप हिलला भावाकडे, कोणी कुठे. आता टॉवरच्या चाव्या मिळाल्या, सगळे परतले. ही नव्या जागेतली पहिली जयंती.

अध्यक्षांनी कार्यक्रम वाचला. सकाळी पंचशील ध्वज, वंदना, मग संध्याकाळी मिरवणूक. वंदनेपुढे "मधुकरकाका, क्लॅरनेट" असं लिहिलेलंच होतं. मला कोणी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. ध्वज चढला की आधी क्लॅरनेट, मागे साथीला बाकीची वाद्यं घेऊन, वंदनेची चाल एकदा पूर्ण वाजवतं, मग त्याच्याबरोबर सगळी चाळ म्हणते. आधी बापू, नंतर मी. बाहेरच्या भाड्याच्या वर्षांत ते बंद पडलं होतं. जोशात मुलांनी टाळ्या वाजवल्या. बनसोडेवहिनी म्हणाल्या, तुमचं ऐकलं की चाळीत आल्यासारखं वाटेल हो.

मला हे वाजवायचंय. बाकी दात, टोपी, काय व्हायचं ते होवो. त्या सकाळी वाजलं पाहिजे.

१६ मार्च, सोम.

दुसरी बैठक. पोकळी भरली. एक्सरेत मुळात पांढरी रेघ दिसते, टोकापर्यंत सरळ. स्वतःच्या कामावर डॉ. इतकी खूश की मलाही पडद्याजवळ बोलावून दाखवलं. टोपीचं माप २७ला. तोवर सांभाळा म्हणाली. आतून कोरलेला आणि वरून जुना दात, ठिसूळ झालेला असतो. चावू नका.

हो म्हटलं. चावणार नाहीच.

१९ मार्च, गुरु.

वाजवायचं कुठे हा प्रश्न आहे. चौदाव्या मजल्यावर सूर लावला की शेजारच्या तरुणाची ऑफिसची मीटिंग सुरू असते, तो दारात येतो, हात जोडतो, फार नम्रपणे माझा जीव नकोसा करतो. गच्चीला कुलूप. रखवालदार म्हणतो सेक्रेटरीची परवानगी आणा.

चाळीत तरी काय, भिंतीला भिंत. पण तिथे अडचण निराळी होती. दिवसा कोणा ना कोणा खोलीत रात्रपाळीवाला झोपलेला असायचा. त्याची झोप मोडायची नाही हा नियम होता, पोरंसुद्धा त्या दारापुढून चवड्यांवर जायची. म्हणून रविवारी बापू मला शिवडीला न्यायचे, बंदराच्या मागे खाडीवर. चिखलाचा वास, वखारींच्या लांबलचक भिंती. "दात ठेवायचा, दाबायचा नाही. दाबतो तो घाबरतो." माउथपीसवर दात टेकतो तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवायला त्यांनीच शिकवलं. आजही तोच उपाय. ट्यूब फक्त आता मिळत नाही, सायकलच्या दुकानात गिअरबद्दल बोलतात.

यशवंतला फोन केला. जुना जोडीदार, ट्रम्पेट. नोकरीची वर्षं आम्ही दोघेही कारकून, सुट्टीच्या दिवशी बँडवाले. साल्या, कधीचा वाट बघतोय, म्हणाला. रविवारी शिवडी.

२२ मार्च, रवि.

शिवडीला जाऊन आलो. समुद्रावरच्या नव्या पुलाने सगळं मोठं मोठं दिसतं, आम्हीच लहान झालोय. फ्लेमिंगो होते. कॅमेरेवाले होते. त्यांच्यापासून लांब, एका बंद वखारीच्या सावलीत उभे राहिलो.

पहिली काही मिनिटं नुसती हवा. मग आला सूर. खालचे सूर तर इतके गोड लागले की यशवंतने ट्रम्पेट काखेत धरून नुसतं ऐकलं. जुनं सगळं आठवत होतं बोटांना. गिरगावातल्या वराती, गल्लीत वर खिडक्यांतून तांदूळ पडायचे. परळचं ते लग्न जिथे नवरदेवच उशिरा आला आणि आम्ही तीच धून पुन्हा पुन्हा वाजवत बसलो. यशवंत हसता हसता खोकायला लागला.

मग वंदना घेतली. वरच्या सुराला ओठ थकले. ओठ थकले की माणूस दातावर जातो, हे मला ठाऊक आहे, चाळीस पोरांना हेच शिकवलं. तरी दाबलं. आत कट् असा बारीक आवाज झाला. कानाने ऐकला नाही, कवटीत ऐकला.

दुखलं नाही. थांबलो. यशवंत म्हणाला, काय रे? म्हटलं, माउथपीसची पत्ती भिजली.

डॉ.ने चावू नका सांगितलं होतं, वाजवू नका नव्हतं सांगितलं. फुंकणं म्हणजे काही चावणं नव्हे. घरी येईपर्यंत हेच मनाशी घोळवत होतो.

२४ मार्च, मंगळ.

जिभेने सारखा तोच दात चाचपतोय. हलत नाही. मागच्या बाजूला नख अडकतं. आधीही अडकत असेल. सौ.ला काही बोललो नाही.

२७ मार्च, शुक्र.

टोपीच्या मापाला गेलो नाही. क्लिनिकला फोन करून नातेवाइकांकडे जायचंय म्हणून सांगितलं. गेलो तर ती बघणार, बघितलं तर बोलणार. जयंती होऊन जाऊ दे. तोवर निभावला की मग बाई, तू काय करायचं ते कर.

पेटी उघडली, बंद केली. वाजवलं नाही, दात जपून ठेवलाय.

१ एप्रिल, बुध.

सकाळी ओठ वर उचलला गेलेला, नाकाखाली सूज. आता मात्र ठणकतं. लवंगेचा बोळा धरून बसलो होतो तर सौ.ने पाहिलं. सरळ हनुवटी धरून ओठ वर केला, जसं लहान पोराचं करतात. मग म्हणाली, "शिवडीला गेला होता ना, तेव्हाच?"

यशवंतला ती भिजलेली पत्ती पटली नव्हती, त्याच्या बायकोने हिला फोनवर सगळं सांगितलं होतं. म्हणजे दहा दिवस तिला माहीत होतं आणि ती माझ्या तोंडून ऐकायची वाट बघत होती. याचा राग मला यावा की तिला, कळेना. दोघांनाही आला.

२ एप्रिल, गुरु.

डॉ.ने एक्सरे काढला, मग दातामागे निळा रंग लावून आरशाने बराच वेळ बघत राहिली. खुर्ची सरळ केली.

"काका, खरं सांगा, काय चावलंत?"

"काही नाही. वाजवलं."

"काय वाजवलं?"

सगळं सांगितलं. क्लॅरनेट, जयंती, शिवडी, ती जुनी वरात. तिने हातातला आरसा खाली ठेवला. तोंडात धरता कसं ते दाखवा म्हणाली. लाकडी चपटी काडी दिली. मी ओठात धरून दाखवलं, वरचे दात टेकवून. ती वाकून बघत होती, ओठ उचलून, बाजूने, खालून. दोन्ही पुढचे दात नाही, एकटा हाच टेकतो, म्हणाली. शेजारचा केसभर मागे आहे. इतकी वर्षं सगळा भार या एकट्यावर.

चीर मुळात उतरलीय. मुळात चीर गेली की रूट कॅनालचा उपयोग संपतो, जंतू तिथूनच आत जात राहतात. काढावा लागेल. मी विचारलं, पंधरा तारखेला काढला तर? म्हणाली, सूज वाढतेय, शुगर आहे तुम्हाला, मी थांबणार नाही.

निघताना म्हणाली, "आधी सांगितलं असतंत तर मी पहिल्याच आठवड्यात टोपी बसवली असती. जयंतीला वाजवलं असतंत तुम्ही."

रागाने नाही बोलली, उलट तिलाच वाईट वाटत होतं. मी लिफ्टपाशी गेलो आणि लिफ्ट येऊनही आत शिरलो नाही. सौ.ने हाताला धरून नेलं.

४ एप्रिल, शनि.

निघाला.

वाटलं होतं ओढाओढी होईल. ती हळूहळू हलवत होती, खिळा भिंतीतून काढतात तसा. दुखलं नाही, नुसता दाब. मग ट्रेमध्ये टक्. दोन तुकड्यांत आला. एक टाका घातला.

कापूस दाबून धरायचा. थुंकायचं नाही, चूळ जोरात भरायची नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही. खड्ड्यात रक्ताची गाठ धरते, तीच जखमेचं झाकण, हवेच्या ओढीने ती निघाली तर हाड उघडं पडून फार दुखतं. "आणि काका, फुंकायचं नाही. निदान तीन आठवडे. फुगासुद्धा नाही." या वेळी नीट शब्दांत सांगितलं तिने. मी मान हलवली, तोंडात कापूस होता.

दात मागून घेतला. कागदाच्या पुडीत दिला.

५ एप्रिल, रवि.

लहानपणी पडलेला दात कौलावर फेकायचो, उंदराने नवा आणून द्यावा म्हणून. टॉवरला कौल नाही. पुडी टेबलावर पडून होती, सौ.ने ती कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली. म्हटलं, हे काय? म्हणाली, हाडाचं खत चांगलं असतं. नंतर बघितलं तर ती तिथेच उभी होती, माती सारखी करत.

जीभ दिवसभर त्या खिडकीत. आरशात बघवत नाही. बोलताना 'स'ची शिट्टी होते. सुजाताचा फोन आला, मी सौ.ला दिला.

८ एप्रिल, बुध.

मंडळाची दोघंजणं घरी आली. कळलंच होतं सगळ्यांना. त्यांच्यापैकी एकाकडे मोबाइलवर माझं जुनं रेकॉर्डिंग आहे, जुन्या चाळीतलं शेवटच्या जयंतीचं. म्हणाले, काका, तेच मोठ्या स्पीकरवर लावू, तुम्ही फक्त पुढे उभे राहा. काही कळणार नाही कोणाला.

मी चिडलो. पुतळ्यासारखा हातात क्लॅरनेट धरून उभा राहू का? बिचारी पोरं चांगल्या मनाने आली होती, चहासुद्धा अर्धा टाकून गेली. मग मीच यशवंतला फोन केला, तू वाजव. तो म्हणाला, मध्या, मी आयुष्यभर तुझ्या मागे वाजवलंय, मला पुढचं येत नाही. म्हटलं, चाल येते ना? म्हणाला, चाल येते रे, सुरुवात येत नाही.

तरी हो म्हणाला.

१३ एप्रिल, सोम.

निळ्या पताका लागल्या. पोडियमवर मुली रांगोळी काढतायत. पांढरा सदरा इस्त्रीला दिला. क्लॅरनेटची पेटी कपाटावर ठेवून दिली, सहज हात पोचणार नाही अशी. सौ. खालून स्टूल धरून होती. म्हणाली, उद्या माझ्याबरोबर उभे राहा. मी म्हटलं, दुसरं कुठे राहणार आता?

१४ एप्रिल, मंगळ.

हे आजच लिहून ठेवतो, नाहीतर उद्या शहाणपणा सुचेल.

सकाळी सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत. मी पुढे जायला लागलो, पाय आपोआप चालत होते, सौ.ने बाही धरली. मग तिच्या शेजारी, बायकांच्या ओळीच्या कडेला उभा राहिलो. ध्वज चढला. यशवंत पुढे गेला, ट्रम्पेट खाली जमिनीकडे धरून, अगदी हळू आवाजात सुरू केलं. पहिला सूर हलला. दुसऱ्या ओळीच्या शेवटी तो थांबला, कारण तिथे नेहमी मी पुढची ओळ उचलतो. क्षणभर काहीच वाजेना. माझी बोटं मांडीवर हलत होती. मग त्याने स्वतःच उचललं आणि नेलं शेवटापर्यंत.

मग लोकांनी म्हणायला सुरुवात केली आणि मीही तोंड उघडलं. तेव्हा लक्षात आलं की या सकाळी, ध्वजाखाली, मी वंदना तोंडाने कधी म्हटलेलीच नाही. पोरवयात बापूंच्या शेजारी दुसरं क्लॅरनेट, नंतर पहिलं. माझं तोंड कायम अडकलेलं. मी नेहमी सगळ्यांकडे पाठ करून ध्वजाकडे बघत असायचो, मागून येतो तो एक आवाज असतो असं समजायचो. तो एक नसतो. बनसोडेवहिनी फार घाई करतात. ठाण्याहून आलेली सुजाता अगदी खालच्या पट्टीत म्हणते, तिच्या आजीसारखी. आणि सौ. बेसूर म्हणते, पण इतक्या मोकळ्या गळ्याने, डोळे मिटून, की मी तिच्याकडे बघतच राहिलो. एवढ्या वर्षांच्या संसारात मी हिला गाताना ऐकलेलं नव्हतं.

माझ्या प्रत्येक 'स'ला फटीतून हवा जात होती. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी वळून वळून बघत होती. मला रडू आलं. डोळे पुसले नाहीत. आई आठवली, बापू आठवले, पिंपळ आठवला, आणि आपण वाजवत नाही आहोत याचं दुःखही तिथेच होतं, ते काही कमी झालं नाही.

यशवंत नंतर येऊन शेजारी उभा राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तुझी ती ओळ, म्हणाला. म्हटलं, तूच नेलीस.

२० एप्रिल, सोम.

डॉ.ने बघितलं, जखम छान भरतेय. आता जागा भरायची. तिने तीन गोष्टी सांगितल्या. काढता-घालता येणारा एक दात, तो क्लॅरनेटला चालायचा नाही, हलेल. ब्रिज, म्हणजे दोन्ही बाजूंचे चांगले दात घासून त्यांच्या आधाराने मधला बसवायचा. किंवा हाडात स्क्रू रोवून त्यावर दात, त्याला शुगर ताब्यात हवी आणि कित्येक महिने थांबायला हवं. ब्रिज लवकर होईल, पण पुन्हा वाजवताना शेजाऱ्यांवर भार येणार, तेही गेले तर मी जबाबदार नाही, हे तिने हसत सांगितलं तरी खरंच सांगितलं.

चांगले दोन दात घासायचे, एका गेलेल्यासाठी. मी म्हटलं, थोडा वेळ द्या. ती म्हणाली, घ्या की.

संध्याकाळी यशवंत आला. त्याची चौथीच गोष्ट. सनईवाले कुठे दात लावतात, म्हणाला. आपल्या वेळी ते बोळके आजोबा नव्हते का, तोंडात एक दात नाही, आणि मांडवात सगळ्यात गोड सनई त्यांची. वरचा ओठ आत दुमडून घे, दोन्ही ओठांनी धर. मी म्हटलं, या वयात ओठ नव्याने शिकवायचे? तो म्हणाला, मग काय, तुला दुसरं काम आहे?

२६ एप्रिल, रवि.

तीन आठवडे झाले. डॉ.ला फोन करून विचारलं, हो, हळू फुंकायला हरकत नाही, म्हणाली. विचारून केलेली या वर्षातली पहिली गोष्ट.

नुसतं माउथपीस आणि क्लॅरनेटचा वरचा सांधा. वरचा ओठ दातांवर दुमडून घेतला. गुदगुल्या झाल्या, मग कळ आली. फुंकलं तर दोन्ही कोपऱ्यांतून हवा. पुन्हा तेच. ओठ थरथरायला लागले, गाल दुखले. मग एकदा, कसा कोण जाणे, सूर लागला. जाडसर, हलणारा, एका श्वासापुरता. माझा नव्हता तो, कोणा नवशिक्याचा होता. मी माउथपीस खाली ठेवला.

लग्न झाल्यापासून स्वयंपाकघरातून मला एकच शब्द ऐकू आलाय, 'पुरे'. रियाजाच्या प्रत्येक संध्याकाळी, चाळीत, टॉवरमध्ये, कुकरच्या शिट्टीबरोबर. आज तिकडे भांड्यांचा आवाज थांबला होता.

"परत एकदा बघा ना," सौ. म्हणाली.

ब्रिजचं गुरुवारपर्यंत कळवायचंय. काही ठरलेलं नाही. ओठ सुजलेत, त्यांना बर्फ लावून बसलोय.